क्लबचा उंबरा आणि कायदा: बार्सिलोना, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन करणाऱ्या चौघांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: चार मित्र, त्यातला एक २० वर्षांचा, आधी बार्सिलोना, मग ट्रेनने पॅरिसवरून अ‍ॅमस्टरडॅम, शेवटी बर्लिन आणि दुबईमार्गे परत. बार्सिलोनातल्या कॅनॅबिस क्लबमध्ये (सदस्यांनी मिळून गांजा ओढायची खाजगी जागा) जायचंय, इन्स्टाग्रामवर एकाने इन्व्हिटेशनसाठी माणशी ४० युरो मागितलेत. "तिकडे लीगल आहे ना? आणि क्लबमधून घेतलेलं उरलं तर पुढच्या शहरात नेता येतं का?"

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण सगळ्यात महागात तोच पडतो. नाही नेता येत. एक ग्रॅम नाही, अर्धा ओढून विझवलेला जॉइंट नाही, बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं चॉकलेट नाही. बाकीचं उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी बार्सिलोनात राहते. पाच वर्षं एका असोसिएशनमध्ये (क्लबचं कागदोपत्री रूप हेच) दारापाशीच्या टेबलावर बसून सदस्यांची नोंदवही सांभाळली, नंतर एका वकिलाच्या ऑफिसात दुभाषाचं काम केलं, त्यामुळे या धंद्याच्या (धंदा म्हणायचं नाही, सगळं प्रकरण त्या एका शब्दावर तर उभं आहे) दोन्ही बाजू पाहिल्यात, आत सोफ्यावर बसलेले हसरे चेहरे पण आणि काही आठवड्यांनी दंडाचा कागद घेऊन "हे काय आलंय बघा ना" म्हणणारे तेच चेहरे पण.

तर "लीगल आहे ना". या एका शब्दात लोक चार वेगळ्या गोष्टी कोंबतात. पोर्तुगालमध्ये २००१ पासून स्वतःपुरता गांजा बाळगणं हा फौजदारी गुन्हा नाही, दहा दिवसांपुरता म्हणजे २५ ग्रॅमपर्यंत, पण तरी ते बेकायदा आहेच, माल जप्त होतो आणि तुम्हाला एका समितीपुढे बोलावतात, विकत घ्यायला कायदेशीर जागा कुठेच नाही. म्हणून तर लिस्बनच्या रस्त्यावर टुरिस्टांना चरस म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा दाबून वडी केलेलं तमालपत्र असतं, आणि फसवला गेलेला माणूस तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार! नेदरलँड्समध्ये कायद्याने बंदी आहे पण सरकारने ठरवून डोळेझाक केलीय. जर्मनीत कायद्याने हक्क दिलाय, पण मोजून मापून. आणि स्पेन यातल्या कुठल्याच खणात बसत नाही, तिथे दोन वेगवेगळ्या कायद्यांच्या मधे एक फट राहिलीय आणि त्या फटीत क्लब उभे आहेत.

ही फट कशी पडली ते माहीत असलं की क्लबच्या दारातले सगळे विचित्र नियम आपोआप समजतात, म्हणून थोडा इतिहास. स्पेनच्या सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्येच म्हटलं होतं की स्वतः सेवन करणं आणि त्यापुरतं जवळ ठेवणं हा गुन्हा नाही, विकणं हा गुन्हा. पुढच्या निकालांमधून अजून एक विचार आला, बंद जागेत, ओळखीच्या मोजक्या सेवन करणाऱ्या माणसांनी मिळून थोडंसं आणलं आणि तिथेच संपवलं तर तो व्यापार नाही. मग काही लोकांनी डोकं चालवलं की बाबा चौघांनी मिळून आणलेलं चालतं तर शंभर जणांनी मिळून लावलेलं का चालू नये, आणि संघटना काढायचा हक्क तर राज्यघटनेनेच दिलाय. १९९१ मध्ये बार्सिलोनात आर्सेक नावाची असोसिएशन निघाली, त्यांनी चक्क सरकारी वकिलाला पत्र लिहून विचारलं की आम्ही सदस्यांपुरती लागवड केली तर गुन्हा होतो का, उत्तर आलं की तत्त्वतः होत नाही, म्हणून १९९३ मध्ये साधारण शंभर सदस्यांसाठी दोनशेच्या आसपास झाडं लावली, आणि पोलिसांनी ती उपटून नेली. खालच्या कोर्टात सुटले, १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टात दोषी ठरले. तेव्हापासून आजपर्यंत हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात चालू आहे, एक पाऊल पुढे की कोणीतरी मागे ओढतं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बिल्बाओच्या एका असोसिएशनच्या खटल्यात सांगितलं की कायमस्वरूपी, संघटित, कोणालाही सदस्य करून घेणारा क्लब 'मिळून सेवन' या सवलतीत बसत नाही. बार्सिलोना ज्या स्वायत्त प्रांतात आहे त्या कातालोनियाच्या संसदेने २०१७ मध्ये क्लबसाठी कायदा केला तर घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये तो रद्द केला, कारण फौजदारी विषय हा केंद्राचा अधिकार. बार्सिलोना महापालिकेची क्लबसंबंधीची नियमावली २०२१ मध्ये कोर्टाने उडवली. आणि एवढं होऊनही शहरात सुमारे दोनशे क्लब चालू आहेत, कारण असोसिएशन काढणं आजही कायदेशीर आहे आणि बंद दाराआड प्रौढ माणसाने ओढणं हा आजही गुन्हा नाही. मधला भाग, म्हणजे तो माल त्या बंद दारापर्यंत येतो कसा, हे कोणी कायद्यात लिहूनच ठेवलेलं नाही.

आता यातून तुमच्यासाठी काय निघतं ते बघा. क्लब दुकानासारखा दिसला की त्याचा कोर्टातला बचाव संपतो. म्हणून रस्त्यावर पाटी नसते, साधं दार आणि बेल, आत गेल्यावर दुसरं दार. म्हणून जाहिरात करायची नसते. म्हणून 'विकत' हा शब्द आत कोणी वापरत नाही, सदस्य आपल्या वाट्याचं 'काढून घेतो', बँकेतून पैसे काढतो तसं, आणि जे पैसे देतो ती 'वर्गणी'. मी टेबलावर होते तेव्हा दर शनिवारी कोणीतरी पोरगा यायचा आणि बेल वाजवून पहिलंच वाक्य टाकायचा, "हाय, वॉन्ट टू बाय वीड", आणि मी त्याला दारातूनच परत पाठवायचे. मुलं चांगली असायची हो, पण ते वाक्य आत घेणं म्हणजे आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध पुरावा लिहून ठेवणं. तिथे दंडविधानाचं कलम ३६८ लागतं, गांजाच्या विक्रीला एक ते तीन वर्षं कैद आणि वर दंड, ती पदाधिकाऱ्यांना भोगायला लागते, टुरिस्टाला नाही.

नीट चालणाऱ्या क्लबची पद्धत साधारण अशी असते. आधीचा एखादा सदस्य तुमची हमी घेतो, त्याला आव्हाल म्हणतात. पासपोर्ट दाखवायचा, मूळ, मोबाइलमधला फोटो नाही. वय कायद्याने १८ पुरे पण कितीतरी क्लब २१ च्या खाली घेतच नाहीत, त्यामुळे तुमचा २० वर्षांचा मित्र दारात अडकण्याची शक्यता बरीच, हे आधीच धरून चाला आणि त्याला एकट्याला बाहेर बाकावर बसवून तिघे आत जाऊ नका, मी असे बाक पाहिलेत, त्यावर कंटाळलेल्या पोराला गाठणारे फेरीवालेही पाहिलेत. मग अर्ज भरायचा, त्यात एक ओळ असते की मी आधीपासून सेवन करणारा आहे आणि महिन्याला माझा अंदाजे वापर एवढा. हा अंदाज म्हणजे नुसता फॉर्म नाही, क्लबने किती साठा ठेवला याचं समर्थन तोच कागद करतो, म्हणून तिथे फुशारकी मारून मोठा आकडा टाकू नका. वार्षिक वर्गणी बहुतेक ठिकाणी २० ते ५० युरोच्या दरम्यान. शेवटी सही.

आता सगळ्यांना न आवडणारी गोष्ट. कातालोनियाच्या आरोग्य खात्याने २०१५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात नव्या सदस्याने १५ दिवस थांबायचं असं आहे, म्हणजे तुम्ही तीन दिवसांसाठी येणार असाल तर कागदावर तुम्ही त्या चौकटीत बसतच नाही. प्रत्यक्षात टुरिस्टांना त्याच दिवशी घेणारे क्लब आहेत, हे मी लपवत नाही, पण जे तुम्हाला दहा मिनिटांत आत घेतात तेच पोलिसांच्या आणि महापालिकेच्या यादीत वर असतात, आणि ज्या दिवशी तपासणी होते त्या दिवशी आत जो बसलाय त्याचं नाव लिहून घेतलं जातं, झडती होते, संध्याकाळ वाया जाते. आत बसून ओढल्याबद्दल तुम्हाला तुरुंगात टाकणार नाहीत. पण सुट्टीतली एक रात्र पोलिसांना पासपोर्ट दाखवत काढायची तयारी असेल तर बघा.

इन्स्टाग्रामवाल्याचं बोलू. रांब्लासवर, म्हणजे बार्सिलोनातल्या टुरिस्टांच्या मुख्य रस्त्यावर, संध्याकाळी फिरताना दर पन्नास पावलांवर कोणीतरी कुजबुजतो, "कॉफीशॉप? क्लब? वीड?", तो तुम्हाला क्लबपर्यंत नेतो आणि क्लबकडून डोक्यामागे पैसे घेतो. इन्स्टाग्रामवरचा इन्व्हिटेशन विकणारा म्हणजे तोच माणूस, फक्त खुर्चीत बसलेला. ओळखीच्या सदस्याने हमी घ्यायची ही सगळी मूळ कल्पना, ती अनोळखी माणूस ४० युरोला विकतो म्हणजे तो हमी कसली घेणार, तुम्ही कोण हे त्याला माहीत नाही, क्लबला त्याचं नाव माहीत असेलच असं नाही. मी टेबलावर असताना अशी 'कन्फर्मेशन' घेऊन आलेली माणसं महिन्यातून चार पाच तरी यायची, सुंदर डिझाइन केलेलं कार्ड, क्यूआर कोड वगैरे, आणि आमच्या नोंदवहीत काही नाही. पैसे गेलेले. वर्गणी द्यायची ती क्लबमध्ये, समोर, पावती घेऊन. आधी काही विचारायचं असेल तर थेट क्लबला ईमेल करा, दोन ओळींत, वय आणि तारखा सांगून, आणि नाही म्हणाले तर नाही.

आता या सगळ्या उत्तरातला जो भाग मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो तो म्हणजे दाराबाहेरची पहिली शंभर पावलं. क्लबच्या आत तुम्ही खाजगी जागेत आहात. उंबरा ओलांडला की फुटपाथ, आणि फुटपाथ म्हणजे सार्वजनिक जागा, तिथे नागरी सुरक्षेचा २०१५ चा कायदा लागतो ज्याला स्पेनमध्ये लोक 'मुस्कटदाबी कायदा' म्हणतात कारण आंदोलनांवरही त्यातच बंधनं आली. त्याच्या कलम ३६ नुसार सार्वजनिक जागी ड्रग्जचं सेवन किंवा नुसतं जवळ बाळगणं, विकायचं नसलं तरी, गंभीर उल्लंघन, दंड ६०१ युरोपासून ३०,००० युरोपर्यंत. तळाचा आकडाच ६०१. किती ग्रॅमपर्यंत चालतं असं लोक विचारतात, तर रस्त्यावर चालणारा आकडा शून्य. क्लबची पावती, सदस्यत्वाचं कार्ड, "मी सदस्य आहे" हे वाक्य, यातलं काहीही बाहेर उपयोगाचं नाही, उलट कुठून आणलं ते तुम्हीच सांगून टाकलंत. पोलिसांना क्लब कुठे आहेत ते माहीत असतं, कोपऱ्यावर उभं राहून बाहेर पडणाऱ्याला थांबवणं हे त्यांच्यासाठी सगळ्यात सोपं काम.

एक जोडपं आठवतं, मधुचंद्राला आलेलं. आत दोन तास छान बसले, निघताना उरलेलं थोडंसं नवऱ्याने टिश्यूत गुंडाळून जॅकेटच्या आतल्या खिशात टाकलं, मी टेबलावरून म्हटलंसुद्धा की इथेच ठेवून जा, तो हसला. पन्नास पावलं गेला नसेल. पोलिसांनी शांतपणे नाव लिहून घेतलं, पुडी सील केली, एक कागद हातात दिला आणि जा म्हणाले, त्याला वाटलं वॉर्निंग देऊन सोडलं. पुढे वकिलाकडे कामाला लागल्यावर तीच केस माझ्याच टेबलावर आली, घरी नोटीस पोचली होती, कागद स्पॅनिशमध्ये, घरातल्यांनी उघडलेला. दंडाची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत भरला तर निम्मा होतो, पण निम्म्यात भरलं म्हणजे मान्य केलं, मग नंतर वाद घालायचा रस्ता जवळपास बंद. त्यांना कागद काय आहे हे कळेपर्यंत ते १५ दिवस उलटून गेले होते.

म्हणजे आत जेवढं संपणार तेवढंच घ्यायचं. अर्धा ग्रॅम द्या म्हणायला लाज वाटते लोकांना, का कोण जाणे. आणि तुम्हाला सवय नसेल तर क्लबमधला माल तुमच्या अंदाजापेक्षा बराच कडक असतो, एडिबल (गांजा घातलेला खाऊ) खाल्लं तर पहिला अर्धा तास काहीच होत नाही आणि कधी कधी दोन तास लागतात, त्या मधल्या वेळात "हे फुसकं आहे" म्हणून दुसरा तुकडा खाणारे नंतर घामाघूम होऊन जमिनीवर बसलेले असतात. वरून दारू नको. कोणी शुद्धीत राहत नसेल किंवा छातीत दुखतंय म्हणत असेल तर ११२ लावा, युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे हाच नंबर, आणि काय घेतलंय ते खरं सांगा. भाड्याची गाडी किंवा स्कूटर घेतली असेल तर विसरा, स्पेनमध्ये लाळेच्या चाचणीत अंश सापडला तरी १,००० युरो दंड, तुम्ही नशेत होता की नव्हता हा प्रश्नच येत नाही, आणि तो अंश दुसऱ्या दिवशीही सापडू शकतो.

पुढे ट्रेन. बार्सिलोनाहून पॅरिस म्हणजे सीमेवर कोणी पासपोर्टला शिक्का मारत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं सगळं एकच. शेंगेनने (युरोपीय देशांचा आपसातली पासपोर्ट तपासणी काढून टाकणारा करार) सीमेवरचा नाका काढला, कायदे नाही काढले. फ्रान्समध्ये सेवन हा आजही फौजदारी गुन्हा आहे, फक्त २०२० पासून पोलीस जागच्या जागी २०० युरोचा ठराविक दंड करून मोकळे होऊ शकतात, आणि सीमेपलीकडून माल घेऊन आलात तर ते प्रकरण सेवनाचं न राहता आयातीचं होतं, कस्टमवाले त्या गाड्यांमध्ये कुत्रे घेऊन चढतात. माझ्या मते पॅरिसच्या टप्प्यावर हा विषय डोक्यातून पूर्ण काढून टाका.

अ‍ॅमस्टरडॅमला क्लबची गरजच नाही, तिथे कॉफीशॉप आहे, नाव कॉफीचं पण विकतात गांजा, आणि ते उघडं दुकान आहे, सदस्यत्व वगैरे काही नाही, १८ पूर्ण आणि ओळखपत्र. म्हणजे तुमच्या २० वर्षांच्या मित्राची चारही शहरांतली ही एकच सरळ जागा. एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत देतात, दुकानात साठा ५०० ग्रॅमच्या वर नको, दारू नाही, जाहिरात नाही. गंमत अशी की पुढच्या दाराने विकणं चालवून घेतात पण दुकानाच्या मागच्या दाराने माल आत येतो तो बेकायदाच, डच लोक याला 'मागच्या दाराचा प्रश्न' म्हणतात आणि गेली कित्येक दशकं त्यावर भांडतायत, आता दहा गावांमध्ये परवानाधारक शेतकऱ्यांकडूनच माल घ्यायचा प्रयोग चालू आहे, अ‍ॅमस्टरडॅम त्यात नाही. तुम्हाला लागू पडणाऱ्या गोष्टी दोन. तंबाखू मिसळलेला जॉइंट आत ओढता येत नाही, २००८ पासून तंबाखूबंदी आहे, त्यासाठी वेगळी खोली असेल तरच, नाहीतर नुसता गांजा. आणि मे २०२३ पासून जुन्या शहरात, रेड लाइटच्या परिसरात, रस्त्यावर ओढलं तर १०० युरो दंड. कोणी म्हणालं वाटेत मास्ट्रिख्ट करू, तर तिथे कॉफीशॉपमध्ये फक्त नेदरलँड्सच्या रहिवाशांना प्रवेश, बाहेरच्याला दारातून परत. नियम देशाचा एकच आहे, तो पाळायचा की नाही हे गावागणिक ठरतं, म्हणून "हॉलंडमध्ये चालतं" हे वाक्य अर्धवट आहे.

आणि बर्लिन. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात कारण बातम्यांत वाचलेलं असतं की जर्मनीत लीगल झालं, क्लब निघाले. १ एप्रिल २०२४ पासून १८ वर्षांवरच्या कोणीही २५ ग्रॅमपर्यंत जवळ ठेवलं तर चालतं, यात टुरिस्टही आला. १ जुलै २०२४ पासून लागवड करणाऱ्या संघटनांना परवाने, जास्तीत जास्त ५०० सदस्य. पण सदस्य व्हायला किमान सहा महिन्यांपासून जर्मनीत राहत असायला हवं. दुकानं नाहीत. मित्राने त्याच्या संघटनेतलं तुम्हाला द्यायचं नाही. बाहेरून आणायचं नाही, अ‍ॅमस्टरडॅमहून तीन ग्रॅम आणले तर जवळ ठेवणं कायदेशीर पण सीमा ओलांडून आणणं बेकायदा. म्हणजे पानात घ्यायची परवानगी आहे, वाढणारं कोणी नाही. आणि क्लब म्हणजे सोफा, संगीत, धूर असं डोक्यात असेल तर तेही काढा, जर्मन संघटनेच्या जागेत ओढायला बंदी आहे, दारापासून १०० मीटरच्या आत, जिथून ती जागा दिसते तिथेही. तिथे जायचं, आपला वाटा घ्यायचा, घरी जायचं, रेशनच्या दुकानासारखं. शिवाय शाळा आणि खेळाच्या मैदानांच्या आसपास नाही, पादचारी रस्त्यांवर सकाळी ७ ते रात्री ८ नाही, रेल्वे स्टेशनवरही नाही. बार्सिलोनाचा क्लब आणि बर्लिनचा क्लब, नाव एक, पण एकात आत ओढायचं आणि बाहेर न्यायचं नाही, दुसऱ्यात बाहेर न्यायचं आणि आत ओढायचं नाही. मला अजून हे सांगताना हसू येतं.

बाकीचे देश थोडक्यात, कारण कोणीतरी विचारेलच. माल्टाने डिसेंबर २०२१ मध्ये कायदा केला, युरोपियन युनियनमध्ये पहिला, तिथल्या असोसिएशन फक्त रहिवाशांसाठी. उरुग्वेने त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, तिथे १५ ते ४५ सदस्यांचे क्लब आहेत, तेही नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरते, पर्यटक बाहेर. थायलंडचं जुनं ऐकलेलं धरून जाऊ नका, जून २०२२ मध्ये मोकळं केलं होतं ते जून २०२५ मध्ये पुन्हा आवळलं, आता गांजाच्या फुलासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते. अमेरिकेत राज्याने परवानगी दिली तरी केंद्राच्या कायद्यात बंदीच आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व ही सगळी केंद्राची खाती, तेव्हा तिथे व्हिसावर असलेल्याने कोलोराडोतल्या दुकानाची पाटी बघून निश्चिंत होऊ नये, इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे नुसती कबुली दिली तरी ती अडचणीची ठरू शकते. सिंगापूरचे नागरिक आणि कायम रहिवासी यांनी तर परदेशात केलेलं सेवनही घरी परतल्यावर गुन्हा धरलं जातं. तुमच्यापैकी कोणाकडे कुठला पासपोर्ट आणि कुठलं राहण्याचं परमिट आहे हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे, ते बघा.

परतीचं विमान दुबईमार्गे आहे याकडे तुम्ही फार लक्ष दिलेलं दिसत नाही पण मी असते तर सगळ्यात जास्त तिथेच दिलं असतं. २००७ मध्ये एका ब्रिटिश प्रवाशाच्या बुटाच्या तळाला चिकटलेला ०.००३ ग्रॅम गांजा तिथे सापडला, आणि २००८ मध्ये त्याला ४ वर्षांची शिक्षा झाली. नंतर २०२१ मध्ये तिथला कायदा थोडा सैल झाला, तरी विमान बदलताना सुद्धा तुम्ही त्यांच्या भूमीवर असता. म्हणून बर्लिन सोडायच्या आदल्या रात्री बॅगा पलंगावर पूर्ण रिकाम्या करा. जॅकेटचे खिसे उलटे करा, रोलिंग पेपर, ग्राइंडर (गांजा बारीक करायची दातेरी डबी), क्लबचं कार्ड, पावत्या, सगळं तिथेच कचऱ्यात, ग्राइंडर कितीही महागाचा असला तरी, कारण त्याच्या दातांत जे अडकलेलं असतं ते धुऊन जात नाही. क्लबमध्ये घातलेले कपडे धुऊन घ्या. सुपरमार्केटमधून हौसेने घेतलेली सीबीडीची (गांजातला नशा न आणणारा घटक) गमी, हेम्पचा (गांजाच्याच जातीचं झाड) चहा, पानाचं चित्र असलेलं लॉलीपॉप, हे पण नाही. युरोपात ते किराणा दुकानात मिळतं हे तिथल्या अधिकाऱ्याला सांगून काही होत नाही.

पोलिसांनी थांबवलंच तर काय, हे एकाने वेगळं विचारलं होतं. स्पेनमध्ये ओळख पटवायला पासपोर्ट मागतात, नसला तर ठाण्यावर नेऊ शकतात, तेव्हा मूळ पासपोर्ट जवळ असू द्या. वाद नको, पळणं तर अजिबात नको, पुडी जमिनीवर टाकायचा प्रयत्न तर त्याहून नको, ते बघत असतात. पैसे पुढे करू नका, काही देशांत लोकांना सवय असते, इथे तो वेगळा गुन्हा. कुठला क्लब, कोणी दिलं, याची गप्पा मारल्यासारखी उत्तरं देऊ नका, कागदावर सही करायच्या आधी काय लिहिलंय ते विचारा, कळलं नाही तर कळलं नाही म्हणा आणि त्यांनी दिलेली प्रत नीट जपून ठेवा. प्रकरण दंडापुढे गेलं, म्हणजे विकल्याचा संशय वगैरे, तर दुभाषी आणि वकील मिळणं हा तुमचा हक्क आहे, दोन्ही आल्याशिवाय बोलायचं नाही. आणि पोलिसांना जो पत्ता देता तो खरा आणि जिथे पत्र मिळेल असा द्या, खोटा पत्ता दिल्याने दंड जात नाही, फक्त सवलतीचे १५ दिवस निघून जातात.

राहिला तो इन्स्टाग्रामवाला. पैसे अजून पाठवले नसतील तर पाठवू नका. पाठवले असतील तर ते गेले समजा, मागे लागून उपयोग नाही. पण त्याने 'रजिस्ट्रेशनसाठी' पासपोर्टचे फोटो मागितले असतील आणि तुम्ही चौघांनी ते पाठवले असतील तर ते मला पैशांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं, कारण त्याच्याकडे आता चार नावं, चार नंबर आणि ही माणसं बार्सिलोनात कशासाठी येतायत हे सगळं एकत्र आहे. त्याच्याशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट ठेवा, अकाउंट रिपोर्ट करा, बँकेला सांगून कार्ड बदला, आणि तो पुन्हा मेसेज करून अजून काही 'फी' मागेल, तेव्हा उत्तर देऊ नका.